डुकरांचा आफ्रिकी ताप : प्रसार व प्रतिबंध
(परिसर-अभ्यास व सामान्य विज्ञान : इयत्ता ५ वी ते ७ वी)

पाठाचा उद्देश : ज्या रोगावर औषध नाही, असा रोगही स्वच्छता व वेळेवर दिलेली खबर यांच्या बळावर अडविता येतो, हे विद्यार्थ्यांना उमजावे.

प्रस्तावना : मावळातील तिकोणा पेठ या गावच्या मुलांना दोन गोष्टी परिचयाच्या आहेत. एक, सुटीच्या दिवशी तिकोणा किल्ला चढणारी आणि पवना धरणाच्या काठी तंबू ठोकून राहणारी माणसे. दुसरी, रानडुकरांनी रातोरात उकरलेले शेत. माणसे टाकून जातात ते उष्टे-खरकटे आणि त्याच्या वासाने येणारे रानडुक्कर, यांचा संबंध काय, असा प्रश्न विचारून शिक्षकाने पाठास आरंभ करावा व मुलांची उत्तरे फळ्यावर लिहावीत.

रोगाची ओळख : हा विषाणूजन्य रोग असून तो पाळीव डुकरे व रानडुकरे यांनाच होतो. त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन १९२१ साली केनिया देशातून प्रसिद्ध झाले. विषाणू शरीरात शिरल्यावर चार ते एकोणीस दिवसांत लक्षणे दिसतात. कडक ताप येतो, जनावर खाणे सोडते, कान व पोट यांवरील कातडी लाल-निळसर पडते आणि तीव्र प्रकारात बहुतेक सर्व डुकरे दगावतात.

हा रोग माणसास होत नाही, गाई-म्हशी व शेळ्यामेंढ्या यांनाही होत नाही. २००९ साली पुण्यात शाळा बंद ठेवाव्या लागल्या, तो माणसांतील ‘स्वाइन फ्लू’ निराळा. नावांच्या सारखेपणातून अफवा उठतात, म्हणून हा भेद शिक्षकाने स्पष्ट सांगावा.

प्रसार कसा होतो : आजारी डुकराचा स्पर्श, त्याचे रक्त व मलमूत्र, तसेच दूषित पादत्राणे, वाहने व अवजारे यांतून रोग पसरतो. परंतु दूरचा प्रवास तो बहुधा अन्नातून करतो. खारवलेल्या वा गोठविलेल्या मांसात हा विषाणू महिनोन्‌महिने जिवंत राहतो. १९५७ साली तो आफ्रिकेतून पोर्तुगालमधील लिस्बन येथे पोहोचला. विमानातील उरलेले अन्न विमानतळाजवळच्या डुकरांना घातले गेले होते. २००७ साली जॉर्जिया देशात तो जहाजांवरील खरकट्यातून आला असावा, असे मानले जाते. भारतात तो २०२० साली प्रथम आसाम व अरुणाचल प्रदेश या राज्यांत आढळला. एका ठिकाणचे खरकटे दुसऱ्या ठिकाणच्या डुकरांचे मरण कसे ठरते, हे या उदाहरणांवरून मुलांच्या ध्यानी यावे.

प्रतिबंध कसा करावा : २०२२ साली लंपी चर्मरोग आपल्या राज्यात पसरला, तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले आणि शेळ्यांच्या देवीवरील लस गुरांना टोचण्यात आली. डुकरांच्या या तापासाठी मात्र आपल्या देशात अशी लस हाताशी नाही व त्यावर उपचारही नाही. तरीही स्पेनसारख्या देशाने लशीवाचून, रक्ततपासणी, बाधित डुकरे नष्ट करणे व गोठ्यांची सुधारणा यांच्या जोरावर १९९५ साली रोगमुक्ती मिळविली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये बार्सिलोनाजवळ मृत रानडुकरांत तो पुन्हा सापडला. तात्पर्य, रोग गेला तरी पहारा उठवावयाचा नसतो.

आपल्याकडे संशयित नमुन्यांची तपासणी भोपाळ येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेत होते. रोग निश्चित झाल्यास सभोवतालचा एक किलोमीटरचा टापू बाधित क्षेत्र व दहा किलोमीटरचा टापू देखरेख क्षेत्र ठरवितात. बाधित क्षेत्रातील डुकरे नष्ट करून पुरतात व जागा निर्जंतुक करतात. २००९ च्या प्राणिरोग प्रतिबंधक कायद्यान्वये अशा रोगाचा संशय येताच ग्रामपंचायतीस कळविणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

गावकऱ्यांनी पाळावयाचे नियम :
१. खरकटे उघड्यावर टाकू नये, खड्ड्यात पुरावे.
२. डुकरांना खरकटे घालावयाचेच असेल, तर ते ढवळत किमान अर्धा तास उकळून घालावे.
३. मेलेले डुक्कर ओढ्यात वा रानात टाकू नये. मेलेल्या रानडुकरास हात न लावता वनखात्यास कळवावे.
४. आजारी डुकरे घाईने विकू नयेत. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय साहाय्य मागावे.

शिक्षकांसाठी विशेष सूचना : डुकरे पाळणारी कुटुंबे बहुधा गरीब असतात. दोन-चार डुकरे हीच त्यांची शिल्लक असते. म्हणून भीतीपोटी आजार लपविला जातो, मेलेले जनावर रातोरात ओढ्यात जाते आणि रोग पुढच्या गावी पोहोचतो. शासनाच्या आदेशाने नष्ट केलेल्या डुकरांबद्दल नुकसानभरपाईची तरतूद आहे. लपवून मेलेल्या डुकरांबद्दल काहीच पदरी पडत नाही. ही गोष्ट शिक्षकाने अशा पालकांच्या घरी जाऊन समजावून सांगावी. वर्गात त्यांच्या मुलास कोणी हिणवू लागल्यास तत्काळ थांबवावे. ज्या मुलास शाळेत लाज वाटते, ते मूल घरच्या आजारी डुकराविषयी गुरुजींना कधीच सांगणार नाही, आणि पहिली खबर तर त्याच्याच तोंडून यावयाची असते.

उपक्रम : मुलांनी किल्ल्याच्या वाटेवर कोठे खरकटे पडते त्याचा नकाशा काढावा व तो ग्रामपंचायतीस द्यावा. पायथ्याशी लावण्यासाठी “उरलेले अन्न बरोबर परत न्या” अशी पाटी तयार करावी.

उजळणीचे प्रश्न :
१. लिस्बन येथे रोग कशामुळे पोहोचला?
२. लंपी चर्मरोग व हा ताप यांच्या प्रतिबंधात कोणता फरक आहे?
३. आजार लपविल्याने मालकाचे व शेजारच्या गावाचे कोणते नुकसान होते?