स्टेरॉइडची गोळी मनाने बंद करू नका

‘स्टेरॉइड वाईट असतं म्हणे, म्हणून परवापासून गोळ्या सोडल्या.’ संधिवातासाठी किंवा दम्यासाठी महिनोन्‌महिने प्रेडनिसोलोन घेणारे रुग्ण हे अगदी सहज सांगतात. दुष्परिणामांची भीती खोटी नाही. चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. पण गोळी एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर चार-पाच ग्रॅमची एकेक अ‍ॅड्रिनल ग्रंथी असते. तिच्या गाभ्यापर्यंत मज्जातंतू थेट पोचलेले असतात. कुत्रा अंगावर धावून आला की मेंदूचा हुकूम त्यांच्यातून जातो आणि काही सेकंदांत रक्तात अ‍ॅड्रिनलीन उतरतं. छाती धडधडते, तळहाताला घाम फुटतो. ग्रंथीच्या बाहेरच्या थराचं काम सावकाश चालतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस खालच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतो, पिट्युटरी ‘एसीटीएच’ हे संप्रेरक रक्तात सोडते आणि ते पोचलं की हा थर कॉर्टिसॉल बनवतो. रक्तदाब आणि साखर सांभाळायला, ताप, अपघात, शस्त्रक्रिया निभावून न्यायला ते लागतंच. पहाटे ते वाढतं, मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं. रक्तात ते पुरेसं दिसलं की मेंदू हुकूम थांबवतो.

गोळीतलं स्टेरॉइडही मेंदूला कॉर्टिसॉलच वाटतं. शरीराची रोजची गरज साधारण ५ मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोनएवढी. त्याहून जास्त डोस तीन-चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ चालला, तर मेंदू हुकूम देणंच सोडू शकतो आणि ग्रंथी आक्रसतात. अशा वेळी गोळी थांबवली, तर बाहेरून येणारं बंद आणि आतलंही बंद! ही साखळी पुन्हा सुरू व्हायला काही आठवड्यांपासून वर्षभरापर्यंत वेळ लागतो. म्हणूनच आम्ही डोस पायरीपायरीने उतरवतो.

साठी उलटलेले एक शेतकरी गुडघेदुखीसाठी आठवडी बाजारातली बिननावाची पुडी खात होते. गुडघे हलके झाले, भूक वाढली, चेहरा भरला. घरच्यांना वाटलं, तब्येत सुधारली. मग पुडीवाला यायचा बंद झाला. आठवड्याभरात जेवण जाईना, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, मग उलट्या. दवाखान्यात आणलं तेव्हा वरचा रक्तदाब ८० आणि रक्तातलं सोडियम घसरलेलं. पोट बिघडलं असावं, असंच कुणालाही वाटलं असतं. पण हातांची कातडी पातळ झाली होती आणि तिच्यावर जांभळे डाग होते. पुडीत स्टेरॉइड असल्याची ती खूण होती. सलाइन आणि हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन दिल्यावर दुसऱ्या दिवशी आजोबा उठून बसले. ‘पुडी औषध थोडंच आहे?’ म्हणून घरच्यांनी तिचा उल्लेखच केला नव्हता.

एवढं लक्षात ठेवा:

• गोळी सहसा सकाळी नाश्त्यानंतर घ्या. डोस स्वतः कमी-जास्त करू नका आणि गोळ्या संपायच्या आधीच आणून ठेवा.

• पाच-सात दिवसांचा छोटा कोर्स बहुधा सरळ थांबवता येतो. तरी डॉक्टरांना विचारूनच.

• दम्याच्या पंपात औषधाची मात्रा फार थोडी असते. भीतीपोटी पंप टाकून देऊ नका. वापरल्यावर चूळ भरा.

• जास्त ताप आला किंवा शस्त्रक्रिया ठरली, तर डोस वाढवावा लागू शकतो. दातांच्या डॉक्टरांनाही आपण स्टेरॉइड घेतो हे आधी सांगा.

• उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर उद्यावर ढकलू नका. इंजेक्शन लागतं, लगेच दवाखाना गाठा.

• औषधाचं नाव आणि डोस लिहिलेली चिठ्ठी पाकिटात ठेवा.

घरात कुणी सांधेदुखीची पुडी किंवा बिनलेबलच्या गोळ्या घेत असेल, तर रागावून त्या फेकू नका. रुग्णाला आणि पुडीला, दोघांनाही डॉक्टरांकडे घेऊन या. ती कशी सोडायची, ते तपासून ठरवता येतं.