नवागताची वाट : विद्यापीठातील विद्यार्थी मंडळांच्या संकेतस्थळावरून एक पाठ

गळतीचा प्रश्न प्राथमिक शिक्षकांस नवा नाही. मूल शाळेत दाखल होते, काही दिवस नियमाने येते आणि मग हळूहळू येईनासे होते. कारणे शोधू गेल्यास घरची परिस्थिती, शेतीचा हंगाम, धाकट्या भावंडांना सांभाळण्याची जबाबदारी ही पुढे येतात. त्यांच्याच जोडीला एक कारण पुष्कळदा लपलेले असते. त्या मुलास शाळा आपली वाटलेली नसते.

शिक्षणाच्या अगदी वरच्या पायरीवरही हाच प्रश्न उभा राहतो. विद्यार्थी महाविद्यालय मध्येच का सोडतात याचा विचार करताना अमेरिकेतील अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली असे प्रतिपादन केले की, संस्थेच्या अभ्यासजीवनाशी आणि समाजजीवनाशी विद्यार्थ्याचा सांधा न जुळणे हे त्यामागचे एक प्रमुख कारण होय. पुढे १९८४ साली अलेक्झांडर ॲस्टिन यांनी याच विचाराची दुसरी बाजू मांडली. विद्यार्थी आपला वेळ व आपली शक्ती संस्थेच्या जीवनात जितकी वेचतो, तितका त्याचा विकास अधिक होतो, असे त्यांच्या सिद्धांताचे सार आहे.

हा सांधा जुळविणारे एक जुने साधन म्हणजे विद्यार्थी मंडळे. वादविवाद, नाट्य, संगीत, गिर्यारोहण, समाजसेवा अशा नाना आवडींची मंडळे विद्यार्थी स्वतः चालवितात. केंब्रिज येथील वादसभा १८१५ साली आणि ऑक्सफर्ड येथील १८२३ साली स्थापन झाली. १८९१ साली केंब्रिजमधील भारतीय विद्यार्थ्यांची 'मजलिस' सुरू झाली. घरापासून हजारो मैल दूर आलेल्या तरुणास आपल्या माणसांत बसून बोलण्याचे ते ठिकाण होते. आज अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत अशा मंडळांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. काही ठिकाणी ती हजाराच्याही पुढे गेली आहे. मंडळे इतकी वाढली म्हणजे नवागतास त्यांची वाट दाखविण्याचे काम संकेतस्थळाकडे येते. ते संकेतस्थळ नीट नसेल, तर मंडळे असूनही त्यास ती नसल्यासारखीच होतात. अशा संकेतस्थळाची फेरमांडणी कोणत्या रीतीने केली जाते आणि त्या रीतीतून शिक्षकांस काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. दोष कोठे असतो?

विद्यापीठाचे कार्यालय संकेतस्थळ तयार करते तेव्हा ते स्वाभाविकपणे आपल्या दप्तराचा क्रम त्यावर उतरविते. मंडळांची यादी वर्णानुक्रमे लावली जाते. त्यांचे गट नोंदणीच्या प्रकारानुसार पाडले जातात. नियमावली, अर्जांचे नमुने आणि अधिकाऱ्यांची मनोगते यांस अग्रस्थान मिळते. कार्यालयाच्या दृष्टीने यात काहीच चूक नाही. परंतु पहिल्याच आठवड्यात एकट्या पडलेल्या विद्यार्थ्याच्या मनातील प्रश्न वेगळे असतात. "मला गाता येत नाही, पण शिकायचे आहे, मला घेतील का? बैठक केव्हा व कोठे भरते? वर्गणी किती? तेथे माझ्यासारखे कोणी असेल का?" यांपैकी एकाचेही उत्तर त्या यादीत मिळत नाही. शिवाय मंडळांचे पदाधिकारी दरवर्षी बदलतात. त्यामुळे संपर्कासाठी दिलेला पत्ता कित्येकदा शिक्षण पुरे करून निघून गेलेल्या विद्यार्थ्याचा असतो, आणि नवागताच्या पत्रास उत्तरच येत नाही.

विद्यापीठांच्या संकेतस्थळांतील हा विसंवाद अमेरिकी व्यंगचित्रकार रँडल मन्रो यांनी २०१० साली एका चित्रात दाखविला. त्यांनी एकमेकांस छेदणारी दोन वर्तुळे काढली. विद्यापीठ आपल्या मुखपृष्ठावर जे मांडते ते एका वर्तुळात, आणि लोक जे शोधावयास येतात ते दुसऱ्यात. दोहोंना सामाईक अशी एकच गोष्ट निघाली, ती म्हणजे विद्यापीठाचे पूर्ण नाव. चित्र विनोदी असले तरी त्यातील निरीक्षण खरे आहे.

अशा वेळी दोष वापरणाऱ्याच्या माथी मारण्याची सवय सर्वत्र दिसते. "विद्यार्थ्यांना आवडच नाही," असे म्हणून विषय संपविला जातो. या संदर्भात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील एक उदाहरण बोधप्रद आहे. अमेरिकेच्या बी-१७ जातीच्या विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यानंतर पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी चुकून चाकेच आत घेत, आणि विमान पोटावर आपटे. वैमानिक निष्काळजी आहेत असा समज होता. मानसशास्त्रज्ञ अल्फॉन्स चपॅनिस यांनी प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा दोन्ही कळा एकसारख्या दिसणाऱ्या व शेजारीशेजारी असल्याचे आढळून आले. त्यांनी एका कळीस चाकाचा आणि दुसरीस झडपेचा आकार दिला. हाताला स्पर्शानेच भेद कळू लागला आणि चुका थांबल्या. माणसे तीच राहिली; फक्त मांडणी बदलली.

२. संशोधनाची रीत

मांडणी कोठे चुकते हे कार्यालयात बसून कळत नाही. १९८५ साली जॉन गोल्ड व क्लेटन लुईस यांनी यासंबंधी तीन तत्त्वे सांगितली. वापरणारी माणसे व त्यांचे काम यांकडे प्रारंभापासून लक्ष द्यावे. त्यांच्याकडून प्रत्यक्ष वापर करवून घेऊन त्याचे मोजमाप करावे. आणि दोष दिसताच सुधारून पुन्हा पाहावे. विद्यार्थी मंडळांच्या संकेतस्थळास ही तत्त्वे लावताना पुढील चार पायऱ्या पडतात.

(अ) मुलाखत. विद्यार्थ्यास "तुला संकेतस्थळ कसे हवे?" असे विचारल्यास तो बहुधा विचारणाऱ्यास बरे वाटेल असे उत्तर देतो. त्याऐवजी घडलेली गोष्ट विचारावी. "तू ज्या मंडळात आहेस ते तुला कसे समजले? पहिल्या बैठकीस कोणाबरोबर गेलास? एखाद्या मंडळात जावेसे वाटूनही गेला नाहीस, असे झाले का?" कल्पनेपेक्षा आठवणीतून सत्य अधिक हाती लागते.

(आ) निरीक्षण. विद्यार्थ्यासमोर संकेतस्थळ उघडून एक काम द्यावे. उदाहरणार्थ, "बुधवारी सायंकाळी मोकळा वेळ आहे, नवशिक्यास घेणारे एखादे मंडळ शोध." काम करताना मनात येईल ते मोठ्याने बोलावयास सांगावे. विचार बोलून दाखविण्याची ही रीत लुईस यांनी १९८२ साली आय.बी.एम. या संस्थेत या कामासाठी योजिली. निरीक्षकाने येथे एक पथ्य कसोशीने पाळावे लागते. विद्यार्थी अडखळला तरी त्यास मदत करावयाची नाही. तो जेथे थांबला, जेथे चुकीच्या पानावर गेला, जेथे "जाऊ दे" म्हणाला, तेवढेच टिपून घ्यावयाचे.

(इ) शब्दपट्ट्या. प्रत्येक मंडळाचे नाव एकेका पट्टीवर लिहून त्या पट्ट्या विद्यार्थ्यांपुढे ठेवाव्या आणि त्यांस योग्य वाटतील तसे गट करावयास सांगावे. मग प्रत्येक गटास नाव द्यावयास सांगावे. कार्यालयाने 'सांस्कृतिक' या सदरात घातलेले नृत्य मंडळ विद्यार्थी 'व्यायाम व खेळ' या गटात ठेवतात, किंवा दोन्हीकडे हवे म्हणतात, असे या रीतीने उघड होऊ शकते. शब्दांचा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. जॉर्ज फर्नस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एकाच वस्तूस दोन माणसे आपण होऊन एकच शब्द योजतील याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी आढळली. म्हणून एकाच मंडळाकडे अनेक शब्दांनी पोहोचता आले पाहिजे. ज्यास 'वक्तृत्व' हा शब्द सुचला आणि ज्यास 'भाषणे' हा सुचला, त्या दोघांसही एकच दार उघडावे.

(ई) कच्चा आराखडा व फेरपरीक्षा. नवी मांडणी एकदम पक्की करू नये. कागदावर पाने रेखाटून ती विद्यार्थ्यांपुढे ठेवली तरी पुष्कळ दोष कळतात. कागद खोडणे स्वस्त पडते. बांधून झालेले संकेतस्थळ मोडणे महाग पडते.

३. किती जणांस आणि कोणास विचारावे?

या कामास हजारो विद्यार्थ्यांची पाहणी लागते असा समज आहे. याकोब नील्सन व टॉमस लँडाउअर यांनी १९९३ साली मांडलेल्या गणिताच्या आधारे नील्सन यांनी २००० साली असे दाखविले की, पाच जणांच्या निरीक्षणातून सुमारे ८५ टक्के दोष दृष्टीस पडतात. म्हणून पंधरा जणांची एकच परीक्षा घेण्यापेक्षा पाच जणांच्या तीन परीक्षा घ्याव्या आणि दर वेळी मध्ये सुधारणा करावी, असा त्यांचा सल्ला आहे. मात्र हे गणित एकाच प्रकारच्या माणसांस लागू पडते. वापरणारे निरनिराळ्या थरांतील असतील, तर प्रत्येक थरातील तीन-चार जण घेणे अगत्याचे ठरते.

सर्वांत मोठी चूक येथेच होते. मंडळांविषयी विचारावयाचे म्हणजे मंडळांच्या पदाधिकाऱ्यांस बोलावले जाते. कारण ते सहज सापडतात, उत्साहाने बोलतात. पण त्यांस वाट आधीच ठाऊक आहे. जो परगावाहून आला आहे, ज्याच्या घरात महाविद्यालयात जाणारा तोच पहिला आहे, जो संध्याकाळी नोकरी करतो, ज्यास डोळ्यांनी दिसत नाही, जो वर्गात बोलत नाही, असा विद्यार्थी स्वतःहून मत द्यावयास येत नाही. ज्यास साहाय्याची गरज अधिक, तोच बहुधा कमी विचारतो. त्याचे मौन म्हणजे अनास्था, असा अर्थ लावणे अन्यायाचे होय. संशोधकाने अशांच्या शोधात स्वतः गेले पाहिजे. भोजनगृहात, बसथांब्यावर, वाचनालयात, जेथे ते असतील तेथे.

एवढे केल्यावर नव्या मांडणीत जे बदल येतात ते दिसावयास साधे असतात. मंडळाच्या नावाखाली पहिल्याच ओळीत बैठकीचा वार, वेळ, जागा व वर्गणी येते. 'नवशिक्यांचे स्वागत आहे' असे असल्यास ते स्पष्ट लिहिले जाते. आवड, वार आणि वेळ यांनुसार शोध घेता येतो. लहान पडद्याच्या मोबाइलवरही पान वाचता येते. संपर्कासाठी व्यक्तीऐवजी मंडळाचा कायम पत्ता दिला जातो, आणि ज्या मंडळाने वर्षात एकदाही माहिती ताजी केली नाही त्याच्यापुढे तशी नोंद होते. अर्थात संकेतस्थळ दारापर्यंतच नेऊ शकते. दारात उभे राहून "ये, बैस" म्हणणारा माणूस मंडळानेच दिला पाहिजे.

४. शिक्षकांस उपयोग

विद्यापीठाच्या या कामात जी रीत आहे, तिचे मर्म खेड्यातील शिक्षकांच्या नित्य व्यवसायातलेच आहे. मूल गणित कोठे चुकते हे जाणण्यासाठी उत्तर पाहून भागत नाही. ते करताना त्यास बोलते करावे लागते. ही दृष्टी पाठापुरती न ठेवता शाळेच्या सर्व मांडणीस लावता येईल.

शाळेतील पुस्तकांचे कपाट हे याचे सोपे उदाहरण आहे. पुस्तके दाखलअंकाच्या क्रमाने लावलेली असतात. त्यामुळे पटपडताळणीप्रमाणे पुस्तकपडताळणी सुलभ होते, पण इयत्ता तिसरीच्या मुलास 'वाघाची गोष्ट' हवी असेल तर ती सापडत नाही. शिक्षकांनी पाच मुले निवडावी. त्यांत निदान दोन अशी असावी की जी आपण होऊन कपाटाजवळ येत नाहीत. प्रत्येकास एकेकटे बोलावून "तुला आवडेल असे एक पुस्तक शोध आणि शोधताना काय वाटते ते बोल," एवढेच सांगावे व स्वतः हात मागे बांधून उभे राहावे. मूल वरच्या खणाकडे पाहून मागे फिरले, नाव वाचता न आल्याने चित्र शोधू लागले, "हे मोठ्यांचे आहे" म्हणाले, तर प्रत्येक वाक्य वहीत टिपावे. मग मुलांकडूनच पुस्तकांचे गट पाडवून घ्यावे आणि गटांची नावे त्यांच्याच शब्दांत लिहावी. दाखलअंक पुस्तकावर राहीलच. त्याने कार्यालयाचे काम अडत नाही. पंधरा दिवसांनी हीच परीक्षा दुसऱ्या पाच मुलांवर पुन्हा करावी. पालकांसाठी लावलेल्या सूचनाफलकाचीही पाहणी याच रीतीने करता येईल.

यात खर्च काहीच नाही. कष्ट एकाच गोष्टीचे आहेत, आणि ते शिक्षकांस इतरांहून अधिक पडतात. मूल अडलेले दिसत असता न सांगता उभे राहणे, हे ते कष्ट होत. ती दोन मिनिटे जो सोसतो, त्यास शाळा मुलाच्या उंचीवरून दिसू लागते.

आज तिसरीत कपाटापाशी घुटमळणारे मूल उद्या शहरातील महाविद्यालयात जाईल. तेथील मांडणी शिक्षकांच्या हाती नाही. परंतु वाट न सापडणे हा आपला कमीपणा नाही आणि विचारणे लाजिरवाणे नाही, हा विश्वास त्यास येथेच देता येईल. गावातील पहिला पदवीधर होण्यास निघालेल्या मुलास ही शिदोरी फार दूरवर पुरेल.

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील कोणती मांडणी दप्तराच्या सोयीची आहे व कोणती मुलांच्या सोयीची? प्रत्येकी दोन उदाहरणे लिहा.

२. आपल्या वर्गातील कोणत्या मुलांनी गेल्या महिन्यात एकही प्रश्न विचारला नाही? त्यांच्या मौनाचा अर्थ आपण कसा लावला?

३. वर सांगितलेला पुस्तकांच्या कपाटाचा प्रयोग करून मुलांचे मूळ शब्द टिपा व केंद्रसंमेलनात वाचून दाखवा.

४. शाळेत नव्याने दाखल झालेल्या मुलास पहिल्या आठवड्यात कोणत्या पाच गोष्टी समजणे अवश्य आहे, हे गेल्या वर्षी दाखल झालेल्या मुलांस विचारून ठरवा.