नगरभवन आणि नागरिक

जुने झालेले शहर पाडून नव्याने उभारावे की जपत सुधारावे, हा प्रश्न अनेक देशांपुढे उभा राहतो. अमेरिकेतील बोस्टन शहराचे नगरभवन हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर बोस्टनला उतरती कळा लागली. १९५० मध्ये सुमारे आठ लाख असलेली लोकसंख्या १९६० मध्ये सात लाखांच्या खाली आली. शहर सावरण्यासाठी पुनर्विकासाची मोहीम हाती घेण्यात आली. स्कॉले स्क्वेअर या गजबजलेल्या भागातील नाटकगृहे, खाणावळी, दुकाने आणि राहती घरे जमीनदोस्त झाली. त्या जागी शासकीय इमारतींचे संकुल आले.

१९६२ मध्ये झालेल्या स्पर्धेतून कॉलमन, मॅकिनेल व नोल्स या वास्तुविशारदांचा आराखडा निवडला गेला. १९६८ मध्ये नगरभवन पूर्ण झाले. त्याच्या रचनेत एक विचार होता. ज्या विभागांशी लोकांचा नित्य संबंध येतो, ते खालच्या मजल्यांवर ठेवले. मधल्या भागात महापौरांचे दालन व सभागृह बाहेरूनही ठळक दिसेल असे योजले. कर्मचाऱ्यांची कार्यालये सर्वांत वर गेली. बाहेरच्या पटांगणातील विटांची फरसबंदी इमारतीच्या आतपर्यंत नेली. शासन लोकांना खुले असावे, हा त्यामागील हेतू.

परंतु अनुभव वेगळा आला. अभ्यासकांनी या वास्तूची प्रशंसा केली. अनेक नागरिकांना मात्र उघड्या काँक्रीटची ती इमारत रुक्ष भासली आणि विस्तीर्ण पटांगण ओसाड वाटले. २००६ मध्ये तत्कालीन महापौरांनी ती विकण्याचा प्रस्ताव मांडला. तो प्रत्यक्षात आला नाही. पुढे पटांगणात झाडे, बैठका व मुलांसाठी खेळण्याची जागा करण्यात आली आणि २०२२ मध्ये ते पुन्हा खुले झाले. २०२५ मध्ये नगरभवनाला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला.

एके काळी नकोशी वाटलेली इमारत अशा रीतीने जपली गेली. स्कॉले स्क्वेअरला मात्र ही संधी मिळाली नाही. जे पाडले जाते, त्याचे मोल पुन्हा ठरवता येत नाही. म्हणून पुनर्विकासाचा निर्णय घेताना तेथे राहणाऱ्यांचे म्हणणे आधी ऐकले पाहिजे.

शब्दार्थ
उतरती कळा लागणे – ऱ्हास होऊ लागणे
जमीनदोस्त होणे – पूर्णपणे पाडले जाणे
रुक्ष – कोरडे, नीरस

स्वाध्याय
१. नगरभवनाच्या रचनेमागील विचार स्पष्ट करा.
२. तुमच्या परिसरातील एखादी जुनी वास्तू पाडावी की जपावी, याविषयी आठ ओळी लिहा.