मोबाईल स्टार्टरला आज्ञा भरून देताना

भंडारा जिल्ह्यात उन्हाळी धानाला पाणी देण्यासाठी रात्री-अपरात्री बांधीवर जाण्याचा त्रास मोबाईल स्टार्टरमुळे बराच वाचतो. स्टार्टरशेजारची ही पेटी म्हणजे सिमकार्ड असलेला लहानसा संगणकच होय. तिला फोनवरून एकेक आज्ञा देता येते किंवा सर्व आज्ञा आधीच क्रमाने भरून ठेवता येतात. बरेच जण मात्र 'वीज आली की सुरू' एवढेच भरून मोकळे होतात. नुकसान तेथेच होते.

मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट विद्युतप्रवाह ओढते. वीज परत येताच सर्व पंप एकदम सुरू झाले तर डीपी जळण्याचा धोका असतो. महावितरण साधे ऑटोस्विच काढण्याचे आवाहन करते ते याच कारणाने. लोंबीत दाणा भरताना डीपी गेली तर साऱ्या शिवाराचे धान वाळते. म्हणून पहिली आज्ञा थांबण्याची असावी. एका डीपीवरील शेतकऱ्यांनी मिळून कोणी २, कोणी ४, कोणी ६ मिनिटे वाटून घ्यावीत. त्यानंतर तिन्ही फेज व दाब तपासणे आणि मगच पंप सुरू करणे, असा क्रम ठेवावा.

'पंप सुरू झाला' हा संदेश म्हणजे पाणी आले असे नव्हे. मी एकदा वडिलांच्या शेतातील पंप फोनवरून सुरू केला व निर्धास्त झोपलो. फूटव्हॉल्व्हमध्ये कचरा अडकून पाणी उतरले होते आणि कोरडा पंप बंद करण्याची मर्यादा मी भरलीच नव्हती. सकाळी बांधी कोरडी, पंप नादुरुस्त. वडील दोन दिवस बोलले नाहीत! पाणी नीट येत असताना पेटीवर दिसणारे अँपिअर वहीत लिहून ठेवावेत. पंप कोरडा पडला की हा आकडा बराच उतरतो. तसे होताच पंप बंद व्हावा, अशी मर्यादा मेकॅनिककडून भरून घ्यावी.

बंद करण्याची वेळ अंदाजाने भरू नये. २०० लिटरचा ड्रम ४० सेकंदांत भरला, तर पंप सेकंदाला ५ लिटर पाणी देतो. एका एकरात ५ सें.मी. पाणी म्हणजे सुमारे २ लाख लिटर. त्याला ११ तासांहून थोडा अधिक वेळ लागतो, पाझर वेगळा. वीज मध्येच जाते, तेव्हा पेटी पंप प्रत्यक्ष चालल्याचा वेळ मोजते की नुसते घड्याळ पाहते, हे खरेदीपूर्वी विचारावे.

दुरुस्तीच्या वेळी फोनवरून पंप बंद करून भागत नाही. पेटी ऑटोवर असेल तर वीज येताच ती भरलेली आज्ञा पाळणारच. मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत व काम संपेपर्यंत ते स्वतःच्या खिशात ठेवावेत.