पडीक रानाची मशागत

संतसज्जनहो, गीतेच्या तेराव्या अध्यायात देहाला क्षेत्र, म्हणजे शेत, म्हटले आहे. माऊलींनी आमच्या नेवाशात शके १२१२ मध्ये सांगितलेल्या ग्रंथात त्याचे विस्ताराने निरूपण आहे. त्या क्षेत्रावर आम्ही चाळीस वर्षे कीर्तने केली. पण वडिलार्जित दोन एकर रान मात्र पडीक पाडले. वेडी बाभूळ माजली, हराळी पसरली, बांध फुटले. एके दिवशी पुतण्या म्हणाला, "नाना, विकून टाकू या." तेव्हा आमचे डोळे उघडले. वारीत भेटणारे पुष्कळ जण हेच दुःख सांगतात, म्हणून लिहितो.

पहिल्या वर्षी आम्ही घाई केली. बाभूळ वरवर छाटली आणि हराळीवर ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर फिरवला. रान आरशासारखे दिसू लागले, आम्ही चारचौघांत बढाईही मारली. पाऊस पडला मात्र, एकेका बुडख्याला दहा-दहा धुमारे आले. हराळीचे तर जितके तुकडे तितकी नवी रोपे! असे का झाले? तिची पेर न् पेर म्हणजे बीच. कापण्याने ती मरत नाही, वाढते.

दुसऱ्या वर्षी जाणत्या शेतकऱ्यांना विचारून क्रम धरला. आधी बाभळीचे बूड खणून मुळाच्या गाठीसकट काढले. बांधावरचे लिंब, बोर मात्र राखले; साफसफाई म्हणजे सरसकट कत्तल नव्हे. मग उन्हाळ्यात खोल नांगरट करून ढेकळे तशीच तापू दिली. वाळलेल्या काशा वेचून बांधावर न फेकता जाळल्या. कुंदा होता तेथे कुदळच चालवावी लागली. गाजरगवत फुलण्याआधी उपटले, तेही हात झाकून. त्याने अंगाला खाज सुटते, कित्येकांना दमाही लागतो.

येथे एक धोका ध्यानात घ्यावा. साफ केलेले रान उघडे असते, पहिल्याच वळवाने माती वाहून जाते. म्हणून पावसाआधी उताराला आडवे बांध घातले आणि पहिले पीक ताग घेतले. तो फुलोऱ्यात येताच, ओल असताना, जमिनीत गाडला. तेच खत झाले.

एवढे करूनही मोकाट जनावरे शिरली तर श्रम पाण्यात. हे एकट्याचे काम नव्हे, गावाचे आहे. आमच्याच जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहा. तेथे १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, श्रमदानाने डोंगरउतारावर चर खणले. कमी पावसाच्या त्या गावात गवत आले, विहिरींना पाणी आले, बाहेर गेलेली कित्येक कुटुंबे परतली. पाऊस तोच, नियम मात्र नवा.

आमच्या रानात आता बाजरी आहे. हराळी संपली असे म्हणणार नाही. दर उन्हाळ्यात चार-दोन काशा निघतातच, त्या वेचाव्या लागतात. पुतण्या आता विकण्याची भाषा बोलत नाही. सुट्टीत येतो आणि कुदळ धरतो.

आरणचे सावतोबा मळ्यातच पांडुरंग पाहत. आम्हांस ते कळायला साठी उलटावी लागली. तुम्ही इतका उशीर करू नका. यंदाच्या उन्हाळ्यात निदान एक कोपरा तरी खणा.

रामकृष्णहरि.