मुलांना अवघड वर्षंही सांगा

मार्च लागला की आपल्या घरांतल्या कौटुंबिक प्रार्थनेचा सूर बदलतो. एरवी पाच मिनिटांत आटपणारी प्रार्थना लांबते. पेपर सोपा जाऊ दे, केलेला अभ्यास आठवू दे, नव्वदच्या वर टक्के पडू देत. यात गैर काहीच नाही. लेकरांनी बापाजवळ मागायचं नाही तर कोणाजवळ? मला बोलायचंय ते निकालानंतरच्या रविवारविषयी. ज्या घरी नव्वद टक्के आले ती मंडळी उपासनेत उभी राहून उपकारस्तुती करतात, ‘आमचा देव विश्वासू आहे’ अशी साक्ष देतात आणि बाहेर पडताना पेढे वाटतात. त्याच वेळी मागच्या बाकावर अडुसष्ट टक्क्यांचं एक पोर खाली मान घालून बसलेलं असतं. त्याच्याही घरी रोज हीच प्रार्थना झालेली असते. ती साक्ष ऐकून त्या पोराने काय समजायचं?

आईबाबांनो, देवाच्या विश्वासूपणाबद्दल आपण मुलांना जे सांगतो त्यातलं बहुतेक ‘मागितलं आणि मिळालं’ या एकाच साच्यातलं असतं. नोकरी लागली, फ्लॅटचं कर्ज मंजूर झालं, ऑपरेशन नीट पार पडलं. हे सगळं खरं आहे आणि त्याबद्दल देवाची स्तुती व्हायलाच हवी. पण मूल फक्त एवढंच ऐकत मोठं झालं, तर मनासारखं झालं तरच देव विश्वासू, असा हिशोब त्याच्या डोक्यात पक्का बसतो. मग ज्या दिवशी मनासारखं होत नाही त्या दिवशी त्या हिशोबात दोनच उत्तरं उरतात. एक तर देव खोटा, नाही तर मी वाईट. लहान मुलं बहुधा दुसरं उत्तर निवडतात आणि ते कोणाला सांगत नाहीत.

आमच्या संडे स्कूलच्या वर्गात नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती. तिची आजी दवाखान्यात होती. सगळ्या मंडळीने आळीपाळीने प्रार्थना केली होती, स्त्री मंडळाने उपास धरला होता, आणि आजी गेली. पुढच्या रविवारी सुवर्णवचन म्हणायची तिची पाळी आली तेव्हा ती उठलीच नाही. वचनाचं कार्ड तिने दुमडत दुमडत बोटाएवढं केलं होतं. वर्ग सुटल्यावर ती बाकाशी रेंगाळली आणि हळूच म्हणाली, “टीचर, मी मागताना चुकले का? मी एकदा मध्येच झोपले होते.”

त्या लेकराने किती दिवस हे ओझं वाहिलं असेल! घरी आल्यागेल्यांनी तिची समजूत घातली होती, पण ‘देवाची इच्छा’, ‘आपला विश्वास कमी पडला’ अशी मोठ्यांची बोलणी तिच्या कानावर पडत होती आणि त्यांचा अर्थ ती आपल्या परीने लावत होती. मी तिला सांगितलं, “तू अगदी नीट मागितलंस. आजी का गेली ते मला माहीत नाही. पण तू झोपलीस म्हणून ती गेली नाही. आजीला देवाने सोडलं नाही आणि तुलाही सोडलेलं नाही.” तिने जरा विचार केला आणि विचारलं, “मग मी देवावर रागावले तर चालेल?” तेव्हा मी स्तोत्रसंहिता उघडली आणि देवाला ‘किती वेळ विसरणार आहेस’ असं तोंडावर विचारणारं तेरावं स्तोत्र तिच्याबरोबर वाचलं. दाविदाने रागावून विचारलं ते पवित्र शास्त्रात जपून ठेवलं गेलं, हे कळल्यावर तिचा चेहरा सैल झाला.

‘विश्वास कमी पडला’ हे वाक्य घरात मुलांसमोर कधीच उच्चारू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनीही ‘पाप कोणाचं’ म्हणून विचारलं होतं, आणि प्रभूने तो प्रश्नच बाजूला सारला. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात तर तरवारीच्या धारेपासून वाचलेले आणि तरवारीने मारले गेलेले एकाच यादीत, तीन-चार ओळींच्या अंतरावर उभे आहेत. दोघांनाही विश्वासाबद्दल सारखीच साक्ष मिळाली आहे.

आपल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर, कॅलेंडरांवर विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातलं वचन असतं. देवाची दया रोज सकाळी नवी असते आणि त्याची सत्यता थोर आहे, असं सांगणारं. ते लिहिलं गेलं तेव्हा काय चाललं होतं, हे मुलांना समजेल त्या वयात जरूर सांगा. बाबेलच्या सैन्याने यरुशलेम जाळलं होतं, मंदिर उरलं नव्हतं. एकच अध्याय आधी वाचा. रस्त्यात भुकेने कोसळणारी लेकरं आयांकडे खायला मागताहेत. त्या राखेत बसून ज्याने देवाला विश्वासू म्हटलं, त्याला त्या दिवशी मागितलेलं काही मिळालं नव्हतं. शहर उभं राहिलं नव्हतं. आणि त्याने तेवढं एक वचन लिहून पुस्तक संपवलंही नाही, पुढे पुन्हा रडलाच. भरवसा आणि रडणं एकाच घरात नांदतात, हे मुलांना लहानपणीच कळलं तर पुढे त्यांची फार कमी फरपट होईल.

आपल्याच मातीतलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं सांगा. पण पूर्ण सांगा. केडगावच्या मुक्ती मिशनचं यश आपण सांगतो आणि त्याआधीची, त्यानंतरची वर्षं गाळतो. १८५८ साली जन्मलेल्या या मुलीने सोळाव्या वर्षाच्या आसपास दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण अशी माणसं एकामागून एक जाताना पाहिली. उरलेल्या भावाबरोबर ती उपाशीपोटी देशभर पायी हिंडली. १८८० मध्ये तो भाऊही गेला. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच, १८८२ मध्ये, पती बिपीन बिहारी मेधावी पटकीने गेले. पदरात मनोरमा नावाचं तान्हं मूल. रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला तो पुढच्या वर्षी, इंग्लंडमध्ये.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या अनाथ, उपाशी मुलींच्या बातम्या आल्या तेव्हा या बाई स्वतः तिकडे गेल्या. भूक काय असते ते त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. त्यांनी सुमारे तीनशे मुली आणल्या. त्या वेळी हाताशी काय होतं? अमेरिकेतल्या मंडळाने त्यांच्या पुण्यातल्या शारदा सदन या संस्थेला दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं होतं आणि ती मुदत संपत आली होती. पुण्यात प्लेग होता, तिथे एवढ्या मुली ठेवणं शक्य नव्हतं. केडगावला शेतजमीन होती, पण तिथे इमारती नव्हत्या. आपण असतो तर आधी बँकेचं पासबुक पाहिलं असतं. जॉर्ज म्यूलर यांनी केवळ प्रार्थनेच्या बळावर चालवलेल्या अनाथालयांची हकीकत रमाबाईंनी वाचली होती, आणि म्यूलरांचा देव आपलाही आहे एवढं त्यांना पुरलं. मात्र प्रार्थना करून त्या हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. विहिरी खणल्या, फळझाडं लावली, मुलींना विणकाम, शेती, छापखान्याचं काम शिकवलं. त्यांचा भरवसा घामात भिजलेला होता आणि मला तो फार आवडतो. मुलांना अभ्यास न करता ‘देव बघून घेईल’ म्हणण्याची सवय लागू नये असं वाटत असेल, तर केडगावच्या विहिरी त्यांना एकदा दाखवून आणा.

आता शेवटची वर्षं. मनोरमा शिकून परतली, आईच्या कामात रुळली, आईनंतर काम तीच पाहील असं सगळे धरून चालले होते. जुलै १९२१ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, ती आईआधी गेली. रमाबाईंना तेव्हा नीट ऐकूही येत नव्हतं. शरीर थकलं होतं. त्या मुलीसाठी त्यांनी प्रार्थना केली नसेल असं कोणी म्हणेल का? तरीही त्या पवित्र शास्त्राच्या आपल्या सोप्या मराठी भाषांतराला पुन्हा बसल्या आणि एप्रिल १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच काम करत राहिल्या. मुक्तीच्याच मुलींनी त्याचे छपाईचे खिळे जुळवले. देव विश्वासू आहे हे त्या बाईंनी म्हणावं, तर ते ऐकण्यात अर्थ आहे.

पण थोरांच्या गोष्टींवर थांबू नका. तुमच्या स्वतःच्या घरात अशा गोष्टी आहेत आणि त्या मुलांना माहीत नाहीत. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं. नेवासे, राहुरी, शेवगाव या बाजूच्या खेड्यांतून ज्या पिढ्या पुढे प्रभूकडे आल्या त्यांतल्या अनेकांना गावच्या विहिरीवर पाणी मिळत नव्हतं, मुलांना शाळेत बसू देत नव्हते. कोणाचे पणजोबा बोर्डिंगात राहून पहिल्यांदा पाटी शिकले, कोणाची पणजी बायबल-बाई म्हणून गावोगाव चालली. आज त्यांची पतवंडं पिंपरीत, ठाण्यात, दुबईत आहेत आणि त्यांना पणजीचं नावही सांगता येत नाही. यहोशवाने यार्देनेच्या पात्रातून बारा दगड उचलून गिलगालात उभे केले ते एवढ्यासाठीच, की पुढे मुलं विचारतील, हे दगड कसले, आणि बापाला सांगावं लागेल. आपण दगड उभेच केले नाहीत, तर मुलं विचारणार काय?

सांगताना गाळू नका. कारखाना बंद पडला ते वर्ष सांगा. आई रात्री रडायची ते सांगा. कोणत्या काकांनी न मागता गव्हाचं पोतं आणून टाकलं ते सांगा, आणि कोणती प्रार्थना आजवर तशीच अनुत्तरित आहे, तेही सांगा. अठ्ठ्याहत्तरावं स्तोत्र वाचलंत तर दिसेल की तिथे पुढच्या पिढीला सांगायच्या गोष्टींत देवाच्या पराक्रमाबरोबर वाडवडिलांची कुरकुरही आहे.

एक गोष्ट मात्र गोष्टींनी होत नाही. ‘शनिवारी नेतो’ म्हणून सांगितलं की शनिवारी नेणं, उशीर होणार असेल तर फोन करणं, कबूल केलेलं छोटं का असेना पार पाडणं. शब्द पाळणारा बाप म्हणजे काय, हे मूल आधी घरात बघतं आणि मग ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणतं. घरातला अनुभव उलटा असेल तर त्या प्रार्थनेचा पहिला शब्दच त्याला जड जातो. हे मी अनेक तरुणांच्या तोंडून ऐकलं आहे.

आणि ज्यांची मुलं मोठी होऊन दूर गेली आहेत, हॉस्टेलवर, परदेशी, चर्चची पायरी चढत नाहीत, फोनवर विषय काढला की तोडून बोलतात, त्या आईबाबांची रात्रीची तळमळ मला माहीत आहे. तुम्ही शिकवलेलं वाया गेलं, असं मानू नका. आपण अविश्वासू झालो तरी देव विश्वासू राहतो, हे पौलाने तीमथ्याला तुरुंगातून लिहिलं आणि ते आपल्या लेकरांनाही लागू आहे. पेत्राने नाकारण्याआधीच प्रभूने त्याच्यासाठी प्रार्थना केलेली होती, तो परत येईल हेही गृहीत धरलं होतं. पेत्र ओळख नाकारत असताना ती प्रार्थना चालूच होती. तेव्हा मुलाला वचनांचे मेसेज पाठवून घेरू नका. नरकाची भीती घालू नका. फोन करा, जेवलास का विचारा, त्याच्या कामातलं काय अडलंय ते ऐकून घ्या. त्याच्या शंका असतील तर त्या पूर्ण ऐका, मध्ये तोडू नका, आणि उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणा. नाताळाला घरी येणार असेल तर त्याच्या आवडीच्या करंज्या करून ठेवा आणि चर्चला यायचं का ते एकदाच विचारा. तो नाही म्हणाला तर तुम्ही जा, आणि परत आल्यावर सगळे एकत्र जेवायला बसा.