युवराजालाही घाम फुटला होता

१८१९ सालची गोष्ट. नेपल्सचा युवराज फ्रान्सिस बायको-मुलीला घेऊन तिथलं वस्तुसंग्रहालय बघायला गेला. ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईसारख्या रोमन गावांतून खणून काढलेल्या वस्तू तिथे मांडल्या होत्या. दिवे, भांडी, पुतळे इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण मधूनच उघडी लिंगं, प्रणयात गुंतलेली जोडपी. आणि शेजारी लेक उभी! युवराजाने हुकूम सोडला : असल्या सगळ्या वस्तू एका खोलीत कोंडा, आणि आत सोडा ते फक्त पोक्त वयाच्या, चांगल्या चालीच्या माणसांना.

या युवराजाला हसायला माझं तरी मन धजत नाही. जेवताना सिनेमा चालू असतो, पडद्यावर दोन चेहरे जवळ यायला लागतात आणि आपल्यापैकी कुणाचा तरी हात रिमोटकडे जातो. कुणाला एकदम पापड हवा होतो, कुणाला कुकरच्या शिट्ट्या आठवतात. ‘बाळ पोटात जातं कसं?’ या प्रश्नाला ‘आधी गृहपाठ आटप’ हे उत्तर कितीतरी घरांत दिलं जातं. दिवसभर ऑफिस, लोकल, डबे, शिकवण्या. रात्री नऊला असा प्रश्न आला की डोकं चालतच नाही. बोललो तर नको ते कळेल, नाही बोललो तर भलतीकडून कळेल, अशी कात्री.

मूल मात्र आपला चेहरा वाचतं. हे विचारायचं नसतं, असं ते मनाशी ठरवून टाकतं. कुतूहल काही जात नाही, ते फक्त आपल्यापर्यंत यायचं थांबतं आणि मोबाइलकडे वळतं.

या संकोचातून वाट काढायला मला इतिहास फार सोयीचा वाटतो. ‘ये, तुझ्या शरीराबद्दल बोलू’ म्हटलं की मूलही आखडतं आणि आपणही. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दल बोलायचं असलं की दोघं मिळून तिसऱ्याच कुणाकडे तरी बघत असतो. नजर चुकवावी लागत नाही.

ऑस्ट्रियात विलेनडॉर्फला १९०८ साली एक दगडी बाई सापडली. उंची जेमतेम ११ सेंटिमीटर, वय २५ ते ३० हजार वर्षं. भरगच्च स्तन, सुटलेलं पोट, स्पष्ट कोरलेली योनी, आणि चेहऱ्याचा पत्ता नाही. ती देवी आहे, सुफळतेची खूण आहे, की कुणा बाईने स्वतःचंच शरीर बघत घडवलेली मूर्ती आहे, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. म्हणजे ‘माहीत नाही गं, तुला काय वाटतं?’ असं म्हणायला आपल्यालाही हरकत नाही. लहान मुलाला तर एवढंच पुरतं की या अवयवांना नावं आहेत आणि शेती यायच्या कितीतरी आधीपासून माणसाला त्यांचं कुतूहल आहे.

मूल वयात येऊ लागलं की पॉम्पेई कामाला येतं. इसवी सन ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या या गावात रस्त्याच्या फरसबंदीवर, बेकरीच्या भिंतीवर लिंग कोरलेलं सापडतं. घंटा बांधून टांगलेलंही सापडतं. रोमन लोक बाळाला दृष्ट लागू नये म्हणून याच आकाराचा ताईत वापरत. आपण दाराला लिंबू-मिरची बांधतो, त्यातलाच प्रकार. जे बघून युवराजाला घाम फुटला, ते त्या आयांना शुभ वाटत होतं.

आवाज फुटला म्हणून वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलाला, किंवा पाळीच्या दिवसांत दप्तर पाठीमागे धरून चालणाऱ्या मुलीला यात फार मोठा दिलासा असतो. आपल्यात काहीतरी बिघडलंय, असं त्यांना आतून वाटत असतं. लाज कशाची वाटावी हे काळ आणि समाज ठरवतो, शरीराचा त्यात काही दोष नाही, हे आपल्या तोंडून ऐकलं की त्यांचे खांदे जरा सैल पडतात.

ती नेपल्सची खोली अनेकदा उघडली आणि अनेकदा बंद झाली. २००० सालापासून ती सर्वांना खुली आहे. लहान मुलांनी मात्र मोठ्यांसोबत यायचं. मला हा नियम मनापासून पटला. दार उघडं आहे आणि मूल आत एकटं नाही.

पूर्वी सगळं कसं मोकळं होतं, असं मात्र मुलांना सांगू नये, कारण ते खरं नाही. पॉम्पेईतच एक वेश्यागृह आहे, खुराड्यासारख्या खोल्यांचं, दगडी पलंगांचं. तिथल्या अनेक बायका गुलाम होत्या. त्यांना ‘नाही’ म्हणायची मुभाच नव्हती. रोमन कायद्यात मुलगी बाराव्या वर्षी लग्नाची होई.

आणि आपल्याकडे? मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं. मोठेपणी त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८७ साली कोर्टाने बजावलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. पुढे प्रकरण मिटलं आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. १८९१ साली कायद्याने मुलींचं संमतिवय वाढवलं ते दहावरून बारा. सातवीतल्या मुलीला किंवा मुलाला हा आकडा सांगून बघा. ‘म्हणजे माझ्याएवढी?’ असं ते विचारतील. नकार देण्याचा हक्क, आणि दुसऱ्याचा नकार ऐकण्याची रीत, हे बोलणं तिथून आपोआप सुरू होतं. ते मुलीइतकंच मुलाशीही व्हायला हवं.

यासाठी रविवारची खास बैठक घालू नये, मुलं धूम ठोकतात. क्लासला सोडताना स्कूटरवर, चपात्या लाटताना, चालता चालता दोन वाक्यं पुरतात. विचारलं तेवढंच सांगावं. मुलीचं आईने आणि मुलाचं बाबांनी, अशी वाटणीही नको. ‘शी, बाबा, पुरे!’ म्हणून मूल उठून गेलं, तरी विषय निघाला होता हे त्याच्या लक्षात राहतं.

कधीतरी ते उलट विचारेल, ‘तुम्हाला हे कुणी सांगितलं होतं?’ आपल्यापैकी बहुतेकांचं खरं उत्तर ‘कुणीच नाही’ असं आहे. ते तसंच सांगून टाकावं. आई-बाबाही या वयात असेच चाचपडत होते हे कळलं, की पुढचा प्रश्न विचारायला मुलाला जरा कमी भीती वाटते.